सहमालक परदेशात असताना फ्लॅटच्या विक्रीचा दस्त कसा करावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीतील फ्लॅट आपल्या व आपल्या थोरल्या बहिणीच्या नावावर आहे. ताई नोकरीनिमित्त शारजाला राहतात आणि दिवाळीत आठ-दहा दिवसांसाठीच येणार आहेत. खरेदीदार बँकेचे कर्ज काढून फ्लॅट घेणार आहे आणि दिवाळीपर्यंत थांबायची त्याची तयारी नाही. एजंटने तीन मार्ग सुचवले आहेत: दस्ताची प्रत कुरियरने शारजाला पाठवून ताईंची सही मागवायची, किंवा ताईंकडून ‘नोटरी पॉवर’, म्हणजे नोटरीचा शिक्का असलेले मुखत्यारपत्र (आपल्या वतीने काम करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद), घ्यायची, किंवा ताईंनी थेट खरेदीदाराच्याच नावे कुलमुखत्यारपत्र करून द्यायचे. यांपैकी पहिला मार्ग अर्धवट आहे, दुसरा कसा केला जातो यावर सारे अवलंबून आहे आणि तिसऱ्या मार्गाला आपण हात लावू नये.

एजंट ज्याला ‘सही’ म्हणतो ती कायद्याच्या दृष्टीने एकच कृती नसते. दस्तावर सही करणे, म्हणजे तो निष्पादित करणे, ही पहिली कृती. तो दुय्यम निबंधकांकडे, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे, नोंदणीसाठी सादर करणे ही दुसरी. आणि ‘होय, हा दस्त मीच लिहून दिला आहे’ असे त्यांच्यासमोर सांगून फोटो व अंगठ्याचा ठसा देणे, म्हणजेच कबुलीजबाब, ही तिसरी. एक पक्ष गावी नसला की जे व्यवहार अडतात, त्यांपैकी बहुतेक पहिल्या कृतीची सोय झाली आणि तिसरीची राहिली म्हणून अडतात.

कुरियरच्या मार्गाचे नेमके हेच होते. ताई शारजात दस्तावर सही करू शकतात, त्यात बेकायदा काही नाही. नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 26 प्रमाणे भारताबाहेर निष्पादित झालेला दस्त भारतात पोहोचल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीसाठी सादर करता येतो. परंतु दस्त कल्याणच्या कार्यालयात पोहोचला की ताईंच्या सहीचा कबुलीजबाब कोण देणार, हा प्रश्न उरतोच. तो ताईंनी स्वतः तरी द्यायला हवा, नाहीतर कलम 33 प्रमाणे प्रमाणित झालेले मुखत्यारपत्र असलेल्या व्यक्तीने. म्हणजे कुरियरचा खर्च आणि दिरंगाई सोसूनही मुखत्यारपत्र लागणारच असेल, तर दस्तही मुखत्यारानेच लिहून देणे सोयीचे ठरते. स्कॅन करून पाठवलेल्या सहीला येथे काही अर्थ नाही. व्यक्तीच्या नावे करावयाचे असे मुखत्यारपत्र ई-साइनने करण्याचा विचारही सोडून द्यावा, कारण ते माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहे.

तिसऱ्या मार्गाविषयी आताच बोलून तो विषय संपवतो. खरेदीदाराच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दिले, पैसे घेतले आणि ताबा दिला म्हणजे विक्री झाली, असे पूर्वी सर्रास मानले जाई. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले की अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही, त्यासाठी नोंदणीकृत हस्तांतरणपत्रच लागते. जवळच्या नातेवाइकाला खऱ्या गरजेपोटी दिलेल्या मुखत्यारपत्राला त्या निर्णयाने बाधा येत नाही, आणि आपला मार्ग तिथेच आहे. शिवाय नातेवाईक नसलेल्या व्यक्तीला फ्लॅट विकण्याचा अधिकार देणाऱ्या मुखत्यारपत्रावर महाराष्ट्रात विक्रीच्या दस्ताइतकेच मुद्रांक शुल्क लागते, हे एजंट बहुधा सांगत नाहीत.

तेव्हा ताईंनी आपल्या नावे, म्हणजे भावाच्या नावे, केवळ या फ्लॅटपुरते खास मुखत्यारपत्र करून द्यावे. ते करताना कुठे चुकते ते आता सविस्तर पाहू.

कलम 33 ने मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती राहते कुठे यावरून फरक केला आहे. ती भारतात राहत असेल, तर तिच्या राहत्या भागातील दुय्यम निबंधकांसमोर मुखत्यारपत्र निष्पादित होऊन त्यांनी ते प्रमाणित करावे लागते. उद्या आपली पत्नी बंगळूरला राहत असताना तिच्या बाबतीत असाच प्रश्न आला, तर तिला तिथल्या दुय्यम निबंधक कार्यालयात जावे लागेल. कोपऱ्यावरच्या नोटरीचा शिक्का पुरेसा मानून चालणार नाही. व्यक्ती परदेशात राहत असेल, तर तिथले नोटरी, न्यायालय किंवा भारतीय वकिलातीतील अधिकारी यांच्यासमोर ते निष्पादित व प्रमाणित व्हावे लागते. शारजातील भारतीयांची ही कामे दुबईच्या भारतीय महावाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात आणि आपल्या बाबतीत तोच रस्ता सर्वांत सरळ आहे. ज्यांचे नातेवाईक अमेरिका, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात आहेत, त्यांच्यासाठी तिथल्या नोटरीसमोर सही करून त्यावर अपोस्टिल (आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे दिला जाणारा सरकारी दाखला) घेण्याचा पर्यायही खुला आहे, कारण भारत 2005 पासून त्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. मात्र अपोस्टिल त्या नोटरीची सही व अधिकार खरा असल्याचे सांगते, आतल्या मजकुराबद्दल काहीच सांगत नाही. कर्ज देणाऱ्या काही बँका वकिलातीच्या शिक्क्याचाच आग्रह धरतात, म्हणून खरेदीदाराच्या बँकेला आधी विचारून घ्यावे.

कायद्यातील ‘समोर’ या शब्दाला येथे फार महत्त्व आहे. मुखत्यारपत्र छापून घरी निवांत सह्या करायच्या आणि दूतावासात शिक्क्यासाठी न्यायचे, ही नेहमीची चूक आहे. सही अधिकाऱ्यासमोरच व्हायला हवी. म्हणून ताईंनी छापलेल्या पण सही न केलेल्या प्रती, पासपोर्ट व साक्षीदारांची ओळखपत्रे घेऊन जावे, प्रत्येक पानावर तिथेच सही करावी आणि ताईंच्या फोटोवर शिक्का अर्धा फोटोवर व अर्धा कागदावर येईल असा घ्यावा. मूळ प्रती दोन कराव्यात. एक बँकेच्या फाइलमध्ये जाते आणि परत मिळेल या भरवशावर राहता येत नाही.

नोटरीकृत मुखत्यारपत्राचा पुरस्कार करणारे एका निर्णयाचा आधार घेतात. रजनी टंडन विरुद्ध दुलाल रंजन घोष दस्तिदार या प्रकरणात 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मुखत्याराने स्वतः सही करून दस्त लिहून दिला असेल, तर नोंदणीपुरता तोच निष्पादक ठरतो आणि त्याच्या मुखत्यारपत्राला कलम 33 चे प्रमाणीकरण लागत नाही. प्रमाणीकरण लागते ते दुसऱ्याने सही केलेला दस्त मुखत्याराने केवळ सादर करायचा किंवा कबूल करायचा असेल तेव्हा. हा भेद माहीत असणे चांगले. पण हा युक्तिवाद वादात सापडलेला जुना दस्त वाचवण्यासाठी वापरावा, नवा दस्त त्याच्या भरवशावर करू नये. दूतावासात एक दिवस घालवणे आपल्याला शक्य असताना कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहून निर्णयाचे उतारे वाचून दाखवण्याची वेळ आपल्यावर का यावी?

मसुद्याबद्दल थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण सर्वांत जास्त त्रास शिक्क्यापेक्षा मजकुरामुळे होतो. बाजारात मिळणाऱ्या छापील नमुन्यांत ‘माझ्या सर्व स्थावर-जंगम मिळकतींची व्यवस्था पाहणे’ अशी लांबलचक वाक्ये असतात आणि विक्रीचा अधिकार एका ओळीत उरकलेला असतो. आपल्या मुखत्यारपत्रात फ्लॅटचा क्रमांक, मजला, इमारत व सोसायटीचे नाव, गावाचे नाव, सर्व्हे अथवा सिटी सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ आणि भागदाखल्याचा (शेअर सर्टिफिकेटचा) क्रमांक हे सारे मूळ खरेदीच्या करारनाम्यात व सूची क्रमांक 2 (‘इंडेक्स टू’, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) मध्ये आहे तसेच उतरवावे. विक्री करारनामा, खरेदीखत आणि गरज पडल्यास चूकदुरुस्तीपत्र असे तिन्ही दस्त नावानिशी लिहावेत. महाराष्ट्रात कर्जावर घेतल्या जाणाऱ्या फ्लॅटचा आधी करारनामा नोंदला जातो, त्यावर पूर्ण मुद्रांक शुल्क भरले जाते, मग बँक रक्कम सोडते आणि काही आठवड्यांनी खरेदीखत होते. मुखत्यारपत्रात केवळ ‘करारनामा’ असेल, तर पैसे येण्याच्या दिवशीच काम थांबते. चूकदुरुस्तीपत्राचा उल्लेख तर जवळपास कोणीच करत नाही. पुढे कुठेतरी विंग ‘अ’ ऐवजी ‘ब’ छापली गेल्याचे लक्षात येते आणि एका अक्षरासाठी पुन्हा दूतावास गाठावा लागतो.

तिन्ही कृती या मजकुरात स्वतंत्रपणे लिहाव्यात: दस्त निष्पादित करणे, तो दुय्यम निबंधकांकडे सादर करणे आणि कबुलीजबाब देणे. त्यांच्या जोडीला सोसायटीकडून ना-हरकत दाखला घेणे, हस्तांतरणाच्या अर्जांवर सही करणे, ताबा देणे, वीजजोडणी व मिळकतकराचे नाव बदलून देण्यास संमती देणे हे अधिकारही असावेत. रकमेबाबत मात्र मी हात आखडता घ्यायला सांगतो. मोबदला स्वीकारण्याचा अधिकार द्यायचा तर ‘ताईंच्या वाट्याची रक्कम केवळ त्यांच्या अमुक बँकेतील अमुक खात्यात जमा होईल’ असे लिहून द्यावा. किमान किंमत घालावी आणि खरेदीदार ठरलेला असल्यास त्याचे नावही घालावे. भावाबहिणीत याची काय गरज, असे आपणास वाटेल. पण या अटींचा उपयोग आपल्यालाच अधिक होतो. उद्या ताईंच्या घरातून कोणी प्रश्न विचारला, तर उत्तर कागदावर तयार असते.

नावाचा घोळ हा आणखी एक जुना दुखरा विषय. फ्लॅट घेताना ताईंचे लग्न झालेले नव्हते आणि आज पासपोर्टवर सासरचे नाव आहे, असे असेल, तर मुखत्यारपत्राच्या सुरुवातीलाच दोन्ही नावे ‘उर्फ’ घालून लिहावीत आणि विवाह प्रमाणपत्राची किंवा नावबदलाच्या राजपत्राची प्रत सोबत जोडावी. दूतावास पासपोर्टवरचे नाव पाहतो, दुय्यम निबंधक मूळ करारनाम्यातले, बँक पॅनकार्डावरचे. तिघांनाही एकाच कागदावर समाधान मिळाले पाहिजे.

मुखत्यारपत्र भारतात आल्यावर त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे असते. परदेशात निष्पादित झालेल्या कागदासाठी महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम 18 प्रमाणे तो राज्यात प्रथम आल्यापासून तीन महिन्यांची मुदत मिळते. म्हणून कुरियरचे पाकीट जपून ठेवावे, त्यावरील तारीख पुराव्याला उपयोगी पडते. भावाला विनामोबदला दिलेल्या विक्रीच्या मुखत्यारपत्राला सध्या 500 रुपये शुल्क आहे. कागदात मोबदल्याचा चुकूनही उल्लेख असेल, तर हा सवलतीचा दर सुटतो आणि हस्तांतरणपत्राचा दर लागू होतो. विक्रीच्या मूळ दस्ताचे शुल्क मात्र सहीच्या आधी, सहीच्या वेळी किंवा उशिरात उशिरा पुढच्या कामाच्या दिवशी भरलेले असावे लागते, त्याला ही तीन महिन्यांची सवलत नाही.

नोंदणीच्या दिवशी आपण कार्यालयात दोन भूमिकांत उभे राहाल. दस्तात आपले नाव ‘लिहून देणार क्रमांक 1’ म्हणून येईल आणि ताईंचे ‘लिहून देणार क्रमांक 2, तर्फे कुलमुखत्यारधारक लिहून देणार क्रमांक 1’ असे येईल. खास मुखत्यारपत्र असले तरी कार्यालयाच्या भाषेत मुखत्यार हा ‘कुलमुखत्यारधारक’च असतो, त्याने गोंधळू नये. सह्या दोन्ही ठिकाणी वेगवेगळ्या कराव्या लागतात. एकच सही करून दोन्हीकडे धरावी असे चालत नाही. डेटा एंट्री करतानाही पक्षकार म्हणून ताईंचे नाव, पॅन व पत्ता स्वतंत्र भरावा, नाहीतर सूची क्रमांक 2 मध्ये विक्रेता एकच दिसतो आणि पुढच्या खरेदीदाराचा वकील दहा वर्षांनी त्यावर बोट ठेवतो.

मूळ मुखत्यारपत्र सोबत न्यावे, त्याची प्रत दस्तासोबत स्कॅन होते. त्याखेरीज आपल्याला एक घोषणापत्र द्यावे लागते. त्यात मुखत्यारपत्र देणाऱ्याने ते रद्द केलेले नाही, देणारी व्यक्ती मयत झालेली नाही, अन्य कारणानेही ते रद्दबातल ठरलेले नाही आणि हे कथन चुकीचे आढळल्यास नोंदणी अधिनियमाच्या कलम 82 अन्वये मी शिक्षेस पात्र राहीन, असा मजकूर असतो. गर्दीत हा कागद इतर कागदांबरोबर सहीसाठी पुढे सरकवला जातो आणि लोक न वाचता सही करतात. कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, तेव्हा तो कागद वाचावा आणि त्याच सकाळी ताईंना फोन करून त्यांचा निर्णय कायम असल्याची खात्री करून घ्यावी. मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूने किंवा त्याची मनःस्थिती ढासळल्याने मुखत्याराचा अधिकार त्या क्षणी संपतो. वृद्ध आईवडिलांच्या जुन्या मुखत्यारपत्रांवर व्यवहार करणाऱ्या कुटुंबांत याकडे फार दुर्लक्ष होते.

दिवाळीत ताई येणारच आहेत तर मुखत्यारपत्राचा खटाटोप टाळता येईल का, असेही आपण विचारले आहे. कायद्याने येईल. कलम 34 प्रमाणे निष्पादक एकाच वेळी किंवा वेगवेगळ्या वेळी हजर राहू शकतात आणि कलम 24 प्रमाणे निरनिराळ्या दिवशी सही करणाऱ्यांच्या बाबतीत प्रत्येकाच्या सहीपासून चार महिन्यांची मुदत वेगळी मोजली जाते. म्हणजे आपण व खरेदीदाराने आज सही करून दस्त सादर करायचा आणि ताईंनी दिवाळीत येऊन सही व कबुलीजबाब द्यायचा, हे शक्य आहे. व्यवहारात मात्र तोवर दस्त अपुरा राहतो, ताईंच्या हिश्श्याची सूची क्रमांक 2 मिळत नाही आणि त्याविना बँक एक रुपयाही सोडत नाही. दिवाळीच्या आठवड्यात लक्ष्मीपूजन व बलिप्रतिपदेला कार्यालये बंद असतात, उरलेल्या दिवसांत टोकनासाठी रांग असते, आणि ताईंच्या सुट्टीतले दोन दिवस सर्व्हर बंद असण्यात गेले तर कोणाकडे दाद मागता येत नाही. चार महिन्यांची मुदत उलटलीच, तर कलम 25 खाली आणखी चार महिने मिळू शकतात, पण दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. फी एक टक्का, कमाल 30,000 रुपये आहे, त्यावरून दंडाचा आवाका लक्षात येईल. खरेदीदार कर्जाविना घेणारा व निवांत असता, तर हा मार्ग मी नाकारला नसता.

मुखत्यारपत्र केले म्हणून ताईंची करविषयक स्थिती बदलत नाही, हेही खरेदीदाराला आधीच सांगावे. सही आपण करीत असलात तरी ताईंच्या हिश्श्याच्या विक्रेत्या अनिवासी भारतीयच राहतात. निवासी विक्रेत्यासाठी 50 लाख रुपये व त्याहून अधिक किमतीवर लागणारी एक टक्क्याची करकपात आपल्या वाट्याला लागू होईल. ताईंच्या वाट्याला दीर्घकालीन नफ्याच्या साडेबारा टक्के दराने, शिवाय अधिभार व उपकर धरून, कपात होईल. खरेदीदार सावधगिरीने ती नफ्याऐवजी ताईंच्या संपूर्ण रकमेवर करतात. ते टाळायचे तर ताईंनी प्राप्तिकर विभागाकडून कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र घ्यावे. त्याला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज मुखत्यारपत्राच्या बरोबरीनेच करावा. करारनाम्यात दोघांचा मोबदला वेगवेगळा लिहिला आणि ताईंची रक्कम त्यांच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांच्या भारतातील रुपयांच्या खात्यात) गेली, तर पुढे पैसे शारजाला नेतानाही अडचण येत नाही.

आपल्या प्रश्नाच्या शेवटी आईंचा उल्लेख आहे. त्या सहमालक नाहीत, पण त्यांची संमती घ्यावी असे खरेदीदाराच्या वकिलाचे म्हणणे आहे आणि त्या अंथरुणाला खिळून आहेत. त्यांच्यासाठी मुखत्यारपत्र करू नये. शारीरिक दुर्बलतेमुळे कार्यालयात येऊ न शकणाऱ्या व्यक्तीला कलम 38 ने हजेरीतून सूट दिली आहे. डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज केला व भेटीची फी भरली की दुय्यम निबंधक घरी येऊन कबुलीजबाब घेतात. त्या वेळी आईंनी प्रश्नांची उत्तरे स्वतः द्यावीत, त्यांच्या वतीने घरातल्यांनी बोलू नये. अशा प्रसंगी घरचे उत्साहाने पुढे होतात आणि अधिकारी संशयाने परत जातात.

खरेदीखत नोंदवून ताबा दिला, सोसायटीत भाग हस्तांतरित झाले आणि चूकदुरुस्तीची गरज उरली नाही, की ताईंनी मुखत्यारपत्राचे काम पूर्ण होऊन ते संपुष्टात आल्याचे दोन ओळींचे पत्र आपल्याला, सोसायटीला व बँकेला पाठवावे. दुसरी मूळ प्रत आपल्याकडे असेल, ती त्या पत्रासोबत ताईंकडे परत करावी.